मनाचें दुखणें व दारूचें व्यसन : माफक खर्चाचा उपचार कोठें व कसा मिळवावा

कपाशी, तूर व सोयाबीन यांच्या लागवडीविषयीं, बियाण्यांविषयीं व बाजारभावांविषयीं या मासिकांतून नेहमीं लिहिलें जातें. आज आम्ही एका निराळ्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. हा विषय शेतीचा नाहीं असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु जमीन कसणाऱ्याचें मन ठिकाणावर नसेल, किंवा घरचा कर्ता पुरुष सायंकाळ होतांच गुत्त्याची वाट धरीत असेल, तर चांगली जमीन, चांगलें बियाणें व वेळेवरचा पाऊस हीं तिन्ही असूनहि घर बसतें, हें घाटंजी तालुक्यांतील कोणत्याहि गांवच्या माणसास सांगावयास नको. यवतमाळ जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर झालें आहे. कर्ज, नापिकी व पडते भाव हीं त्यामागचीं कारणें दूर झालीं पाहिजेत, याविषयीं दुमत नाहीं. पण कर्जाचा निकाल लागेपर्यंत माणूस जगला पाहिजे, आणि शुद्धीवर राहिला पाहिजे. त्यासाठीं जो उपचार लागतो तो आज आपल्या आवाक्यांत आहे, त्याचा पुष्कळसा भाग विनामूल्य आहे, आणि तरीहि तो घेणारे फार थोडे आहेत. असें कां होतें व त्यावर काय करावें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

दुखणें कसें ओळखावें

२०१७ च्या हंगामांत शेंदरी बोंडअळीनें आपल्या भागांतील कपाशीचा घास घेतला, तो अनुभव सर्वांच्या स्मरणांत असेल. बोंड वरून हिरवेंगार व निरोगी दिसे. फोडून पाहिलें म्हणजे आंत अळी सांपडे. मनाचें दुखणेंहि पुष्कळदां असेंच वरून दिसत नाहीं. माणूस शेतावर जातो, जेवतो, चार माणसांत बसतो. पण आंतून पोखरला जात असतो.

ज्यास डॉक्टर डिप्रेशन म्हणतात त्या खिन्नतेच्या आजाराचीं लक्षणें अशीं : मन सतत उदास राहणें, व पूर्वीं ज्या कामांत गोडी वाटे त्यांतून ती उडणें, पहाटे फार लवकर जाग येणें किंवा झोपच न लागणें, अन्नावरची वासना जाणें, बारीकसारीक गोष्टीवरून चिडणें, आपण निरुपयोगी आहों, घरावर भार आहों, असें वाटणें. आपल्याकडील माणूस बहुधा “मन उदास आहे” असें म्हणत नाहीं. तो डोकें जड झाल्याची, छातींत धडधड होत असल्याची, हातापायांत त्राण नसल्याची तक्रार करतो, आणि शक्तीच्या सलाईनवर पैसे घालवितो. यांपैकीं बरींच लक्षणें दोन आठवडे बहुतेक रोज दिसत असतील, तर तो आळस नव्हे, करणी नव्हे व स्वभावदोषहि नव्हे. तो आजार आहे, व त्यास उपचार आहे.

हें दुखणें विरळ आहे असेंहि नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील १२ राज्यांत मोठी पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, प्रौढ माणसांपैकीं सुमारें दहांत एकास कोणता ना कोणता मनोविकार आहे, व त्यांतील बहुसंख्य लोकांस कांहींच उपचार मिळत नाहीं. बैलास खुरी झाली तर त्याच दिवशीं जनावरांच्या डॉक्टरास बोलावणारा शेतकरी स्वतःच्या भावाच्या मनास झालेलें दुखणें दोन दोन वर्षें घरांत झांकून ठेवतो, ही वस्तुस्थिति आहे.

एका लक्षणाच्या बाबतींत मात्र एक दिवसहि थांबूं नये. माणूस मरणाच्या गोष्टी बोलूं लागला, “माझ्यामागें पोरांचें बघा” असें निरवानिरवीचें बोलूं लागला, तर त्यास सरळ विचारावें कीं, “जीव द्यावा असें मनांत येतें काय ?” विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही समजूत खोटी आहे, उलट विचारल्यानें मनावरचें ओझें हलकें होतें. त्यास एकटें सोडूं नये. फवारणीचीं औषधें घरांतून काढून कुलपांत ठेवावीं व किल्ली दुसऱ्याजवळ असावी. आवेगाची वेळ पुष्कळदां थोडीच असते. तेवढ्या वेळांत घातक वस्तु हाताशीं नसेल तर जीव वांचतो. त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत न्यावें.

उपचाराच्या पायऱ्या

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, मनाच्या आजारासाठीं नागपूरच्या मनोरुग्णालयांतच जावें लागतें. तें रुग्णालय १८६४ सालापासूनचें जुनें आहे व भारी आजारांसाठीं त्याचा उपयोगहि आहे. पण शंभरांतील बहुतेक रोग्यांस तेथवर जाण्याचें कारण पडत नाहीं. बेल्लारी जिल्ह्यांत पूर्वीं एक प्रयोग झाला; त्यावरून १९९६ सालीं केंद्र सरकारनें जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्याचें तत्त्वच असें कीं, साध्या मनोविकारांवर गांवाजवळच्या डॉक्टरानें उपचार करावे, व न जमेल तेवढेंच पुढें पाठवावें.

पहिली पायरी गांवांतील आशाताईची. राज्य सरकारनें २०१५ सालीं मराठवाड्यांतील ८ व विदर्भांतील ६ अशा १४ जिल्ह्यांसाठीं ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. त्यांत यवतमाळ जिल्हा होता. आशाताईंनीं घरोघर जाऊन ठराविक प्रश्न विचारावे, खचलेलीं माणसें ओळखावीं व त्यांस आरोग्यकेंद्राकडे पाठवावें, अशी त्याची रचना होती. घरांत कोणी या स्थितींत असेल तर आशाताई येण्याची वाट न पाहतां आपणच तिला सांगावें. तालुक्यांत मराठीखेरीज बंजारा, गोंडी व कोलामी बोलणारीं घरें पुष्कळ आहेत. तेथें त्याच भाषेंत बोलणारी बाई बरोबर असणें हा अर्धा उपचार होय, कारण मनांतलें दुःख परक्या भाषेंत सांगतां येत नाहीं.

दुसरी पायरी प्राथमिक आरोग्यकेंद्राची व घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयाची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत नोंदणी, तपासणी व उपचार निःशुल्क केलेले आहेत. तेथें गेल्यावर “अशक्तपणा आहे” एवढेंच सांगूं नये. झोप, भूक, मन व दारू या चारहि गोष्टी मोकळेपणीं सांगाव्या. मनोविकारांचे तज्ज्ञ तालुक्यास केव्हां येतात, हेंहि तेथेंच विचारून ठेवावें.

तिसरी पायरी यवतमाळची. तेथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. हीं महाविद्यालयें निराळ्या खात्याखालीं असल्यामुळें तेथें थोडें शुल्क पडूं शकतें. तरी खासगी दवाखान्याच्या मानानें तें नगण्य होय. पहिल्या खेपेस रोग्याबरोबर घरचें जाणतें माणूस असावें, आणि आधींच्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्या.

चौथी सोय दूरध्वनीची. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें ‘टेलि-मानस’ नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला कीं दिवसा वा रात्रीं केव्हांहि समुपदेशकाशीं मराठींत बोलतां येतें. पैसे पडत नाहींत. यवतमाळास जाण्याची लाज वाटते, पेरणीमुळें सवड नाहीं, किंवा नेमकें काय करावें तें कळत नाहीं, अशा वेळीं येथून आरंभ करावा.

या सर्वांमागें कायद्याचें बळहि आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सरकारी खर्चानें चालणाऱ्या दवाखान्यांत मनोविकारांवर उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाजवळ तशी शिधापत्रिका नसली तरी त्यास हा उपचार फुकट मिळाला पाहिजे, असें त्यांत स्पष्ट आहे. रोग्यास साखळीनें बांधणें याच कायद्यानें निषिद्ध ठरविलें आहे.

समुपदेशनानें काय होतें

“नुसत्या बोलण्यानें काय व्हावयाचें आहे ?” असा प्रश्न व्यवहारी शेतकरी विचारील, व तो योग्यच आहे. त्याचें उत्तर गोव्यांतील आरोग्यकेंद्रांत संगाथ या संस्थेनें केलेल्या दोन प्रयोगांत सांपडतें. त्यांचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. तेथें समुपदेशक डॉक्टर नव्हते. साधारण शिक्षणाच्या स्थानिक माणसांस थोडें शिक्षण देऊन हें काम सोंपविलें होतें. खिन्नतेच्या भारी आजाराच्या रोग्यांस ६ ते ८ भेटी दिल्या. तीन महिन्यांनंतर अशा रोग्यांपैकीं शेंकडा ६४ सुधारले. ज्यांस नेहमींचाच उपचार मिळाला त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. अपायकारक दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांच्या दुसऱ्या प्रयोगांत चारपर्यंत भेटी होत्या. तेथें सुधारलेल्यांचें प्रमाण शेंकडा ३६, तर नेहमींच्या उपचारानें शेंकडा २६ आढळलें. दारूचें काम मनाच्या दुखण्यापेक्षां अवघड आहे, हें या आंकड्यांवरून दिसतें. पण तें निष्फळ नाहीं हेंहि दिसतें.

या भेटींत उपदेश नसतो. खिन्न माणूस एकेक काम टाकीत जातो, व काम टाकल्यानें आणखी खिन्न होतो. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून कोणतीं कामें सुटलीं याची यादी करतो, त्यांतलें एक अगदीं लहान काम निवडतो, त्याचा दिवस व वेळ ठरवितो, आणि पुढल्या भेटींत तें झालें कीं नाहीं व झाल्यावर कसें वाटलें हें विचारतो. पिणाऱ्या माणसास तो दारूनें शरीराचें, पैशाचें व घराचें काय झालें तें दोष न देतां दाखवितो. कोणत्या वेळीं व कोणाच्या संगतींत तलफ येते तें शोधतो. आणि ती वेळ कशी टाळावी याची तयारी करून घेतो.

हें आपल्या विदर्भांतहि करून पाहिलेलें आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा कार्यक्रम राबविला गेला. गांवांतल्याच माणसांनीं घरोघर जाऊन आजाराची माहिती सांगितली, समुपदेशन दिलें, व गरजूंस डॉक्टरांपर्यंत पोंचविलें. आरंभीं खिन्नतेच्या रोग्यांपैकीं शेंकडा ४·३ लोकच उपचारास जात होते. दीड वर्षांत तें प्रमाण शेंकडा २७·२ झालें. जमीन, पीक व कर्ज आपल्यासारखेंच असलेल्या गांवांत हें घडलें.

औषधांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. खिन्नतेवरील गोळ्यांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यांत “गुण नाहीं” म्हणून त्या सोडूं नयेत. बरें वाटल्यावरहि निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. त्या गोळ्यांचें व्यसन लागत नाहीं. दुकानांतून चिठ्ठीवांचून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांचें मात्र लागतें. या दोहोंत गल्लत करूं नये.

दारू सोडवितांना

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ माणसांत एकासच कांहीं उपचार मिळाला होता. बाकीच्यांच्या नशिबीं शपथ, मारहाण किंवा गुप्त औषध एवढेंच येतें.

येथें एक धोका मुद्दाम सांगितला पाहिजे. जो माणूस वर्षानुवर्षें रोज भरपूर पितो, त्याची दारू एकाएकीं बंद केली तर कांहीं तासांतच हात कापूं लागतात, घाम सुटतो, मळमळतें. पहिल्या दोन दिवसांत फिटीसारखे झटके येऊं शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं भ्रम होऊन नसलेलीं माणसें दिसूं लागतात, व त्यांत प्राणहि जाऊं शकतो. घरचे लोक त्यास “बाहेरची बाधा” समजतात. म्हणून अशा माणसास खोलींत कोंडून दारू तोडूं नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, तात्पुरत्या शामक औषधांनीं व ब-१ जीवनसत्त्वानें, हा काळ बहुधा आठवड्याभरांत सुखरूप पार पडतो. तसेंच भाजींत कालवून देण्याच्या गुप्त पुड्या कधींहि वापरूं नयेत. दारूशीं संयोग झाला असतां शरीरांत भयंकर प्रतिक्रिया उठविणारें डायसल्फिरम हें औषध खरें आहे. पण तें रोग्याच्या संमतीनें व डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावयाचें असतें. न कळवितां दिलेलें तें औषध जिवावर बेतूं शकतें.

शरीरांतून दारू गेली म्हणजे व्यसन गेलें असें नव्हे. खरें काम त्यानंतर सुरू होतें. पुण्याचें मुक्तांगण हें केंद्र डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं, पु. ल. देशपांडे यांच्या साह्यानें, उभें केलें. तेथें रोग्यास ३५ दिवस ठेवून घेतात, आणि घरीं गेल्यावरहि त्याचा पाठपुरावा करतात. जो आपल्या गांवीं परतून त्याच सोबत्यांत बसतो तो पुनः पितो. म्हणून पाठपुराव्यास एवढें महत्त्व आहे. एकदां पाय घसरला म्हणजे सर्व व्यर्थ गेलें, असेंहि समजूं नये. दुबार पेरणी आपण करतोंच.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मंडळाचा मार्ग त्याहून स्वस्त आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत एक शेअरदलाल व एक शस्त्रवैद्य या दोघां पिणाऱ्यांनीं परस्परांस सांवरण्यासाठीं तें काढलें. आतां महाराष्ट्रांत त्याच्या सभा मराठींत भरतात. वर्गणी नाहीं, नांव बाहेर जात नाहीं, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. सरकारी अनुदानावर चालणारीं विनामूल्य केंद्रेंहि आहेत. जवळचें कोणतें, हें १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारतां येतें.

दारूबंदीनें हा प्रश्न आपोआप सुटतो असें समजणें चुकीचें होईल. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ सालीं बंदी झाली; तरीहि तेथें २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानें ‘मुक्तिपथ’ हें अभियान चालवावें लागलें, आणि त्यांत गांवोगांवच्या उपचार-शिबिरांची व तालुक्याच्या दवाखान्यांची सोय करावी लागली. दुकान बंद केलें तरी ज्याच्या शरीरास दारूची संवय जडली त्याचा उपचार उरतोच.

खर्चाचा हिशेब

औषध फुकट असलें तरी उपचार फुकट नसतो. समजा, घाटंजीच्या एखाद्या खेड्याहून यवतमाळास दोन माणसांनीं जाऊन येण्याचें भाडें, चहापाणी व दोघांची बुडालेली मजुरी मिळून एका खेपेस १,२०० रुपये पडले. महिन्यास एक खेप धरली तर वर्षाचे १४,४०० रुपये होतात. हाच तो खर्च, कीं ज्यामुळें दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर उपचार सुटतो. आतां दुसरी बाजू पाहूं. रोज १०० रुपयांची दारू धरली तर वर्षास ३६,५०० रुपये झाले. त्यांत चुकलेली फवारणी, उशिरा झालेली वेचणी व सावकाराचें व्याज धरलेलें नाहीं. हे आंकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपल्या घरचे घालून पाहावे. उपचार महाग कीं आजार महाग, तें आपोआप कळेल. खेपा कमी करण्यासाठीं डॉक्टरांस दोन बाबी विचाराव्या : पुढील औषध घाटंजीच्या रुग्णालयांतून मिळेल काय, आणि मधली एखादी भेट दूरध्वनीवर चालेल काय ?

खासगी केंद्राची पारख

गरजेपोटीं लोक जाहिरात पाहून खासगी व्यसनमुक्ति केंद्रांत माणूस दाखल करतात. पैसे भरण्यापूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या :

१. मानसिक आरोग्य कायद्याखालीं केंद्राची नोंदणी आहे काय ? असल्यास प्रमाणपत्र पाहावें.
२. मनोविकारतज्ज्ञ येतात काय, व किती वेळां ? पहिल्या आठवड्यांत रात्रीं डॉक्टर मिळतो काय ?
३. रोग्यास घरच्यांस भेटूं व बोलूं देतात काय ? भेट बंद ठेवणाऱ्या केंद्रांत माणूस ठेवूं नये.
४. मारणें, बांधणें किंवा कोंडणें चालतें काय ? शक्य तर आंत फिरून पाहावें व बाहेर पडलेल्या रोग्यांस विचारावें.
५. एकूण खर्च लेखी देतात काय ? घरीं गेल्यावरचा पाठपुरावा कोण करतो ?

जो “हमखास” दारू सोडविण्याची हमी देतो त्याच्यापासून दूर राहावें.

आपण काय करावें

हीं कामें सरकारच करील अशी वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. शेतकऱ्यांच्या संघास व गांवच्या सोसायटीस थोड्या खर्चांत पुढील गोष्टी करतां येतील. वर सांगितलेले क्रमांक व दवाखान्यांचे वार खतांच्या दरपत्रकाशेजारीं लावावे. महिन्यांतून एक दिवस ठरवून यवतमाळास एक सामाईक गाडी न्यावी. तींत डोळ्यांचे, गुडघ्यांचे व मनाचे सर्वच रोगी असावे, म्हणजे कोण कशासाठीं जातो याची चर्चा होणार नाहीं, व खेपेचा खर्चहि उतरेल. प्रत्येक गांवांतून एक पुरुष व एक स्त्री, शांत स्वभावाचीं व पोटांत गोष्ट ठेवणारीं, निवडून त्यांस ऐकण्याचें व योग्य ठिकाणीं पोंचविण्याचें शिक्षण देण्याची विनंति जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमास करावी. फवारणीच्या औषधांसाठीं कुलपाच्या पेट्या एकत्र खरेदी केल्यास स्वस्त पडतील.

जमीनदार शेतकऱ्यावर आणखी एक जबाबदारी आहे. सालगड्यास किंवा मजुरास कामाबद्दल दारू पाजण्याची चाल कोठें असेल तर ती मोडावी. आणि तो आजारी पडला तर दवाखान्याच्या दिवसाची मजुरी कापूं नये. त्याच्या बायकोचें म्हणणें ऐकून घ्यावें, कारण घरांतली दारू तिला आधीं कळते व तिचें बोलणें कोणी मनावर घेत नाहीं.

खरीप संपून कापूस घरांत येईल तेव्हां हातांत पैसा येतो, सवडहि मिळते. पण याच वेळीं कर्जवसुलीचा तगादा लागतो, आणि याच वेळीं पिणेंहि वाढतें. तेव्हां ज्यांच्या घरीं असें दुखणें आहे त्यांनीं हंगाम सरण्याची वाट न पाहतां याच आठवड्यांत एक पाऊल टाकावें : आशाताईस सांगावें, ग्रामीण रुग्णालयांत जावें, किंवा निदान १४४१६ वर बोलावें. यांपैकीं कोणत्याहि गोष्टीस एक पैसाहि लागत नाहीं. आपल्या गांवीं याविषयीं कांहीं व्यवस्था झाली असेल, किंवा उपचार मिळविण्यांत अडचण आली असेल, तर वाचकांनीं रोग्याचें नांव न देतां आम्हांस कळवावें. इतरांस त्याचा उपयोग व्हावा म्हणून ती माहिती आम्ही पुढें देऊं.